असायलमच्या नावाने विकली जाणारी 'फाईल' : भाच्याच्या निमित्ताने

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. विषय घरातला आहे, पण नाशिकमध्ये अशी घरं आता बरीच झाली आहेत, म्हणून इथे मांडतेय.

माझा भाचा डिप्लोमा मेकॅनिकल. अंबडला कंत्राटी कामगार आहे. काही महिने झाले की ब्रेक, मग पुन्हा नवा गेटपास. लग्नाचं बघणं सुरू आहे आणि प्रत्येक ठिकाणी 'पर्मनंट आहे का?' या प्रश्नावर गाडी अडते. अशात त्याला गंगापूर रोडवरचा एक एजंट भेटला. त्याची योजना अशी: व्हिजिटर व्हिसावर अमेरिकेत उतरायचं, तिथे असायलमचा, म्हणजे आश्रयाचा अर्ज टाकायचा, सहा महिन्यांत वर्क परमिट हातात. एकूण १८ लाख, त्यातले ४ आधी. बहिणीचे यजमान सिन्नरकडची दीड एकर विकायला निघालेत.

मी त्यांच्याबरोबर त्या ऑफिसात जाऊन बसले. मी बरीच वर्षं कोर्टाच्या आवारात टायपिंग आणि नोटरीचं काम केलंय, त्यामुळे समोर कागद आला की तो वाचल्याशिवाय राहवत नाही. त्याने 'नमुना' म्हणून एक प्रतिज्ञापत्र दाखवलं. नावाच्या जागी टिंबं, गावाच्या जागी टिंबं. पण मार खाल्ल्याची हकीकत मात्र पूर्ण टाईप केलेली: रात्री साडेनऊ, चार अनोळखी इसम, राजकीय वैर, डाव्या खांद्याला सहा टाके, पोलिसांनी तक्रार घेतली नाही. म्हणजे जो कोणी पैसे भरेल त्याचा डावा खांदा त्या रात्री साडेनऊला फुटणार. डॉक्टरचं सर्टिफिकेट 'आपल्याकडून' मिळेल म्हणाला.

मला फसवणुकीचा राग आलाच, पण त्याहून मोठं काहीतरी टोचलं. आश्रय मागण्याचा हक्क १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात चौदाव्या कलमात आहे. निर्वासित कोणाला म्हणायचं हे १९५१च्या करारात ठरलं: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपैकी एखाद्या कारणाने मायदेशी छळ होण्याची रास्त भीती असलेला, आणि स्वतःच्या सरकारकडून संरक्षण न मिळणारा माणूस. असा माणूस दारात आला तर त्याला मरणाच्या तोंडी परत ढकलायचं नाही, हा त्या कराराचा गाभा. दुसऱ्या महायुद्धात जीव वाचवून पळालेल्यांना सीमेवरून परत पाठवल्याचे परिणाम जगाने बघितले होते, त्यातून हे आलं. आणि तीच गोष्ट आज आपल्या शहरात १८ लाखांना छापील मिळतेय.

माझं मत स्पष्ट आहे. आश्रयाचं दार घरी परत जाऊच शकत नाही अशा माणसासाठी आहे. ते नोकरीसाठी वापरलं की वापरणाऱ्याचं वाटोळं होतंच, शिवाय त्याच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या खऱ्या माणसाचं बोलणंही खोटं वाटायला लागतं. तुमचे अनुभव लिहा. कायदा माहीत असलेल्यांनी जरूर लिहा, मला ते बहिणीच्या घरी वाचून दाखवायचंय.

पाथर्डी_फाटा

वाचतोय. आमच्या सोसायटीतही एक 'कॅनडा फाईल' सुरू आहे.

सातपूरकर

ताई, मी अमेरिकेत बरीच वर्षं काढून परत आलोय. तिथे गुरुद्वाऱ्यात आणि मंदिरात अशी मुलं भेटायची, म्हणून हे जवळून माहीत आहे. एजंट अर्धं खरं सांगतो.

खरा भाग असा की, देशात पोचल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करता येतो. अर्ज पडून १५० दिवस झाले की वर्क परमिट मागता येतं आणि १८० दिवसांनंतर ते मिळू शकतं, अशी पद्धत वर्षानुवर्षं चालत आली. एजंट हाच तुकडा विकतो. पुढचं सांगत नाही.

पुढचं असं: इमिग्रेशन कोर्टात ३० लाखांहून जास्त प्रकरणं तुंबलेली आहेत. माणूस वर्षानुवर्षं लटकतो. आई आजारी पडली तरी यायचं नाही, कारण ज्या देशात जिवाला धोका म्हणून लिहून दिलंय तिथे स्वतःच्या पायाने गेलं की दाव्यात राम उरत नाही. मग एके दिवशी सुनावणी. अधिकारी विचारतो, नाशिकमध्ये धोका होता तर पुण्याला का गेला नाहीत? नागपूरला का नाही? बंगळूरला? देशात दुसरीकडे सुरक्षित राहता आलं असतं असं दिसलं की खऱ्या माणसाचाही अर्ज फेटाळला जाऊ शकतो, मग सहा टाक्यांची गोष्ट कशी टिकणार? आणि अर्ज जाणूनबुजून खोटा होता असा निर्णय झाला, तर त्या माणसाला अमेरिकेचा इमिग्रेशनचा कुठलाही लाभ कायमचा बंद. उद्या त्याने तिथल्या नागरिक मुलीशी लग्न केलं तरी. हे वाक्य बहिणीच्या यजमानांना दोनदा वाचून दाखवा.

आणखी एक. व्हिजिटर व्हिसाच्या मुलाखतीत 'मी फिरून परत येणार' असं सांगायचं आणि उतरल्यावर 'परत गेलो तर मारतील' असं सांगायचं, ही दोन्ही विधानं एकाच फाईलमध्ये एकमेकांशेजारी बसतात. तिथले सरकारी वकील पहिलं तेच काढतात.

५ फेब्रुवारी २०२५ला अमृतसरला उतरलेलं लष्करी विमान आठवतंय ना? १०४ भारतीय, हातापायांत बेड्या. पंजाब, हरियाणा, गुजरातचे जास्त होते, पण महाराष्ट्रातलेही तिघे होते. त्याआधी २०२३च्या डिसेंबरात संयुक्त अरब अमिरातीतून निकाराग्वाला निघालेलं ३०३ प्रवाशांचं विमान फ्रान्समध्ये अडकवलं आणि त्यातले २७६ जण मुंबईला परत आले. ही 'डंकी'वाली, म्हणजे चोरवाटांनी सीमा ओलांडू बघणारी मंडळी. एजंट म्हणेल आमचा रस्ता वेगळा, आम्ही विमानाने सरळ पाठवतो. रस्ता वेगळा असला तरी शेवटी कोर्टात सांगायची गोष्ट तीच.

कादवाकाठ

ताई, राग मानू नका. मी निफाडचा, द्राक्षवाला. मला तुमच्या भाच्याची बाजू दिसते.

आमच्याकडे गोडी छाटणी सुरू झाली की सुरगाणा, पेठकडून टोळ्या येतात. मुकादमाला उचल दिलेली असते. डोक्यावर भांडी, पाठीला पोर, काम संपेपर्यंत शेडात मुक्काम. त्यांना आम्ही कधी विचारत नाही की गावात तुमचा कोण छळ करतो. गावाकडे भातानंतर काम नाही, एवढं कारण पुरतं. मग तुमच्या भाच्यालाच खोटा खांदा का फोडून घ्यावा लागतो? पोटासाठी जाणं गुन्हा आहे का? श्रीमंताचं पोर फी भरून जातं, तिथेच राहतं, त्याला कोणी काही म्हणत नाही. दोष पोराचा की दाराचा?

गोदाकाठ

कादवाकाठ दादा, राग कसला, हाच प्रश्न घरी भाच्यानेही विचारला.

पोटासाठी जाणं गुन्हा नाही. जगात तीस कोटींहून जास्त माणसं जन्मदेशाबाहेर राहतात आणि त्यांत सगळ्यात जास्त आपलीच आहेत. बहुतेक सगळी कामासाठी, शिक्षणासाठी, लग्न होऊन गेलेली. कामाने जाणाऱ्यांसाठी दारं अरुंद आहेत आणि ती रुंद व्हायला हवीत, हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य. पण सुरगाण्याची बाई तुमच्या बांधावर येऊन 'मी कामाला आले' असंच सांगते. तिला दुसऱ्या कोणाची जखम स्वतःच्या अंगावर लिहून घ्यावी लागत नाही. भाच्यानेही कामगार म्हणूनच अर्ज करावा, नकार आला तरी तो कामगार म्हणूनच यावा. त्यात त्याचं नाव खराब होत नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो.

श्टुटगार्टहून

मूळ इंदिरानगरचा, सध्या जर्मनीत मशीन बिल्डिंगमध्ये. दोन गोष्टी सांगतो.

पहिली भाच्यासाठी. डिप्लोमा मेकॅनिकल आणि हातात कामाचा अनुभव, हे इथे चालतं. पदवी किंवा डिप्लोमाची मान्यता काढावी लागते, भाषा निदान बी-वन, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत हवी. २०२४ जूनपासून 'चान्सनकार्ट' आहे, त्यावर येऊन नोकरी शोधता येते, त्यासाठी खर्चाची रक्कम बँकेत अडकवून दाखवावी लागते. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने आमच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला आणि केंद्र पातळीवर जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत न्यायचं जाहीर केलं. हे सगळं लोण्यासारखं मऊ नाही. भाषेत मुलं गळतात, मान्यतेची कागदपत्रं महिनोन्महिने फिरतात. पण १८ लाखांच्या पासंगालाही पुरणार नाही एवढ्या पैशात नाशिकमध्ये जर्मनचे वर्ग होतात. इथे आश्रयाचा अर्ज एकदा टाकला की नोकरीच्या परवान्यावर उडी मारणं बहुतेक वेळा बंद होतं, हेही त्याला सांगा.

दुसरी गोष्ट तुमच्या टोचणीबद्दल. मी आलो तेव्हा भाषेच्या वर्गात माझ्या शेजारी हलबचा, म्हणजे अलेप्पोचा एक दंतवैद्य बसायचा. २०१५च्या लाटेत आलेला. पहिल्या दिवशी बाईंनी सगळ्यांना 'आपलं घर' या विषयावर पाच वाक्यं लिहायला सांगितली. त्याने पाच वाक्यं लिहिली, सगळी भूतकाळात. बाईंना वाटलं व्याकरण चुकलं, त्यांनी लाल पेनाने वर्तमानकाळ करून दिला. तो काही बोलला नाही. मधल्या सुट्टीत त्याने मला फोनवर इमारतीचा फोटो दाखवला, म्हणजे इमारत होती त्या जागेचा. त्याचा अर्ज मंजूर व्हायला फार वेळ लागला, आणि त्या काळात तो दवाखान्यात दात काढू शकत नव्हता, गोदामात खोकी उचलत होता. तुम्ही म्हणता ती रांग ही. त्या रांगेत खोटी प्रतिज्ञापत्रं घुसली की तपासणी आणखी कडक होते, आणि ती त्याच्यासारख्याला भोवते. युरोपियन आयोगाने २०२५मध्ये 'सुरक्षित मूळ देशां'ची जी यादी सुचवली त्यात भारत होता. ब्रिटननेही भारताला तशा यादीत घातलं. म्हणजे भारतातून एखादा खरोखर जीव मुठीत घेऊन आला, आणि असे असतात, तर त्याचा अर्ज आता संशयानेच उघडला जाणार.

खडा_नाशिककर

धागा चांगला आहे पण एक बाजू कोणी मांडत नाही. हे सगळे देश आता दारं लावतायत ते उगाच नाही. लोंढे किती सहन करायचे? उद्या आपल्याकडेही हेच. आपण कोणाकोणाला पोसायचं? आधी आपल्या पोरांना पर्मनंट नोकरी द्या.

देवळाली_कॅम्प

खडा नाशिककर, आपल्या पोरांना नोकरी मिळायला हवी, यात वाद नाही. पण 'पोसायचं' हा शब्द मला लागला. माझे आजी-आजोबा सिंधमधून आले. फाळणीनंतर इथल्या लष्करी बराकींमध्ये राहिले, एका बराकीत मध्ये गोणपाटाचे पडदे लावून कितीतरी कुटुंबं. आजोबांनी पहिल्या वर्षी खांद्यावर कापडाचे तागे घेऊन भगूरच्या बाजारात फेरी मारली. त्यांना कोणी फार काळ पोसलं नाही.

कोल्हापूरजवळचं वळिवडे बघा. दुसऱ्या महायुद्धात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका-मुलं, काही वर्षं राहिले. शाळा, चर्च, सगळं होतं. ते गेल्यावर त्याच छावणीत आमचे सिंधी लोक आले आणि आज त्याला गांधीनगर म्हणतात. सगळा महाराष्ट्र तिथे कपडा घ्यायला जातो.

शरणपूर_रोड

देवळाली कॅम्प यांना अनुमोदन. थोडी भर घालतो, कारण नाशिकचं या विषयाशी नातं जुनं आहे आणि आपण ते विसरलोय.

एकोणिसाव्या शतकात शरणपूरला मिशनऱ्यांनी वसवलेल्या वस्तीत 'आफ्रिकन असायलम' होतं. ब्रिटिश आरमार हिंदी महासागरात गुलामांची गलबतं पकडायचं. त्यातून सुटलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवली जायची आणि त्यातली काही इथे नाशिकला यायची. लिहायला-वाचायला शिकायची, सुतारकाम-लोहारकाम शिकायची. पुढे डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या मोहिमेत ही 'नासिक बॉइज' होती. जेकब वेनराइट त्यांतलाच. लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या आतल्या भागात वारला तेव्हा त्याचं शव किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत तो होता, आणि १८७४मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा शवपेटी धरणाऱ्यांतही. नंतर यातले बरेच जण मोंबासाजवळच्या फ्रेअर टाउनला जाऊन राहिले. आज त्याच रस्त्यावर तिबेटी मार्केट आहे. थंडीत आपण सगळे तिथून स्वेटर घेतो, घासाघीस करतो.

आता 'लोंढ्या'बद्दल. २०२४च्या अखेरीस जगात १२ कोटी ३२ लाख माणसं जबरदस्तीने विस्थापित होती. त्यातली ७ कोटी ३५ लाख स्वतःच्याच देशात इकडून तिकडे पळालेली. देश सोडलेल्यांपैकीही दोन तृतीयांश शेजारच्याच देशात थांबलेली. सगळ्यात जास्त निर्वासित तेव्हा इराणमध्ये होते, मग तुर्कस्तान, कोलंबिया, जर्मनी, युगांडा. युगांडा! पाच-सात हजार किलोमीटर विमानाने जाऊन आश्रय मागणारा माणूस हा या सगळ्यात अगदी थोडका.

आणि आपल्या देशाचं सांगायचं तर, भारताने १९५१च्या करारावर सही केलेली नाही, त्याला जोडलेल्या १९६७च्या प्रोटोकॉलवरही नाही. निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. तिबेटी आणि श्रीलंकन तमिळांचं सरकार स्वतः बघतं. अफगाण, म्यानमारचे लोक दिल्लीतल्या संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयात नोंदणी करतात, पण त्या कार्डाला आपल्या कायद्यात ठोस आधार नाही. नागरिकत्व कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना नागरिकत्वाची वाट दिली, मुस्लिमांना आणि इतर देशांतल्यांना नाही. २०२५मध्ये परकीय नागरिकांचे जुने कायदे जाऊन एक नवा कायदा आला, त्यातही निर्वासित हा वेगळा वर्ग नाही.

याचा परिणाम कागदावर राहत नाही. २०२२च्या जुलैत येवल्याजवळ एका अफगाण सुफी धर्मगुरूचा गोळी घालून खून झाला, आठवत असेल. तो निर्वासित म्हणून भारतात राहत होता. परदेशी असल्याने मालमत्ता स्वतःच्या नावावर घेता येत नव्हती, ती इथल्या ओळखीच्यांच्या नावावर होती आणि त्यातूनच हे घडल्याचा संशय पोलिसांनी तेव्हा सांगितला होता. ज्याचं स्थान कायद्याने पक्कं नाही, त्याला सगळा व्यवहार दुसऱ्याच्या भरवशावर करावा लागतो. हे आपल्या जिल्ह्यात घडलंय.

खडा_नाशिककर

शरणपूरची माहिती नव्हती. वाचून बरं वाटलं. पण माझा मुद्दा कायम आहे. सीमा सरकारने सांभाळायलाच हवी, कोण येतंय हे कळायलाच हवं.

शरणपूर_रोड

कळायलाच हवं, म्हणूनच कायदा हवा. अर्ज कुठे करायचा, कोण तपासणार, किती दिवसांत, नकार मिळाला तर दाद कुठे, हे लिहिलेलं असेल तर सरकारलाही कोण कोण आहे ते कळतं. आज ते नाही.

विद्यापीठ_चौक

मी नाशिकची, शिक्षण पुण्यात. हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून पहिल्यांदा लिहितेय.

माझ्या वर्गात काबूलची एक मुलगी होती. पुण्यात अफगाण विद्यार्थी पुष्कळ, तीही शिष्यवृत्तीवर आलेली. १५ ऑगस्ट २०२१ला आम्ही हॉस्टेलवर झेंडावंदनाची जिलेबी खात होतो आणि ती कोपऱ्यात फोनवर घरी लावत होती, लागत नव्हता. त्या दिवशी काबूल पडलं. पुढच्या वर्षी डिसेंबरात तालिबानने मुलींना विद्यापीठं बंद केली. तिला प्राध्यापक व्हायचं होतं. शिष्यवृत्ती संपली, स्टुडंट व्हिसा संपत आला, परत जाण्यात अर्थ नाही, इथे नोकरी करायला परवानगी नाही. तिने कोणाकडून खोटी गोष्ट टाईप करून घेतली नव्हती, तिची गोष्ट रोज बातम्यांत होती. तरी एका परदेशी वकिलातीत मुलाखतीला गेली तेव्हा तिला पहिला प्रश्न असा आला: 'हे सगळं तुम्हाला कोणी शिकवून पाठवलं?' ती परत आली तेव्हा बराच वेळ बोललीच नाही, मग एवढंच म्हणाली की मी नीट उत्तर दिलं म्हणून त्यांना पाठ केल्यासारखं वाटलं.

गोदाकाठ मावशी, तुमच्या त्या छापील प्रतिज्ञापत्राचं बिल असं दुसऱ्याच कोणाला तरी भरावं लागतं.

तिला नाशिकला आमच्या घराजवळ खोली बघत होते. चार घरमालकांनी नाही म्हटलं. वाईट माणसं नव्हती, 'पोलिसांचं लफडं नको' एवढंच. यावर काय करता येतं?

शरणपूर_रोड

विद्यापीठ चौक, लफडं होत नाही, फक्त नियम माहीत हवा. परदेशी नागरिकाला ठेवणाऱ्याने, मग लॉज असो, पेइंग गेस्ट असो की घरमालक, २४ तासांच्या आत ऑनलाइन नोंद करायची (या फॉर्मला बरीच वर्षं 'फॉर्म सी' म्हणत). पासपोर्ट, व्हिसा, फोटो एवढंच लागतं. व्हिसाची मुदतवाढही ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांसाठीच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन होते. शहरात शंका असेल तर पोलीस आयुक्तालयात परदेशी नागरिकांच्या नोंदणीचा कक्ष असतो, तिथे घरमालकाला सोबत घेऊन जा. भाडेकरार नोंदणीकृत करा. घरमालकाला भीती न वाटण्यासाठी तो कागद फार उपयोगी पडतो. गरज पडली तर मला मेसेज करा, मी बरोबर येईन.

कादवाकाठ

वाचून डोळे भरले पोरी. माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, म्हणजे अर्धं. काम मागायला सरळ दार नाही हे दुखणं आहेच. पण दुसऱ्याचं दार फोडून चालणार नाही.

गावातल्या बारावी नापास पोरांना आखातात न्यायचं म्हणून एक माणूस येतो. तो खरा की खोटा कसं ओळखायचं?

सातपूरकर

दादा, १९८३च्या उत्प्रवासन कायद्याखाली परदेशी कामासाठी माणसं भरती करायला परवाना लागतो. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे, त्यात नाव आणि नोंदणी क्रमांक बघा. सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३० हजार रुपये अधिक जीएसटी आहे. त्यापेक्षा जास्त मागितलं की तिथेच थांबा. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शेरा असतो, त्यांना आखाती देशांत कामाला जायला वेगळी मंजुरी लागते. 'व्हिजिटवर जा, तिथे कामाचा करून देतो' म्हणणारा माणूस खोटा.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. काल रात्री बहिणीकडे हा धागा मोबाईलवर वाचून दाखवला. सातपूरकरांचं वाक्य खरंच दोनदा वाचलं. जमिनीचा व्यवहार थांबवलाय. भाचा अजून नाराज आहे, जर्मनची चौकशी करतो म्हणाला पण आवाजात दम नव्हता. त्याला वेळ लागेल.

आता अडचण अशी की एजंटकडे त्याचा पासपोर्ट आहे आणि ५० हजार टोकन दिलेलं. फोन केला तर म्हणतो 'फाईल लावलीय, मधेच काढली तर दंड भरा.'

सातपूरकर

पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, तसं त्याच्यावरच छापलेलं असतं. कोणा खाजगी माणसाला तो अडवून ठेवता येत नाही. आधी लेखी मागणी करा, पोच घ्या. देत नसेल तर पोलीस ठाण्यात अर्ज द्या, त्यात त्या छापील प्रतिज्ञापत्राचाही उल्लेख करा. पैशाची पावती, फोनपेचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरचे मेसेज, काही पुसू नका.

गोदाकाठ

मागणीपत्र टाईप केलंय, सोमवारी भाऊजी आणि मी जाऊन देतो. एजंटचं नाव इथे उघड लिहीत नाही. पण गंगापूर रोडवर अशाच 'असायलम फाईल'साठी कोणी पैसे भरले असतील तर मला मेसेज करा. एकट्याचा अर्ज टेबलावर पडून राहतो, चार घरांनी मिळून दिला तर त्याची दखल घ्यावी लागते. मसुदा मी फुकट टाईप करून देईन.

पाथर्डी_फाटा

आमच्या सोसायटीतल्या त्या कॅनडावाल्या मुलाकडेही पावती आहे. साध्या कागदावर, शिक्का नाही, रक्कम फक्त अंकांत. त्याच्या वडिलांशी बोललो, ते यायला तयार आहेत. ताई, मेसेज केलाय.